सलीमभाईंच्या स्टुडिओतला खोकला

मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. दुबईला, जबल अलीतल्या एका गोदामाच्या ऑफिसात बसून दिवसभर लोकांना एकच विचारतो – ओरिजिनल कुठंय? स्टॅम्प कुठंय? त्यामुळे कोणी भुताखेताचं सांगायला लागलं की माझा चेहरा आपोआप कस्टम्सच्या काउंटरसारखा होतो. या फोरमवर गेली कित्येक वर्षं मी नुसता वाचक आहे, आणि जवळजवळ प्रत्येक अनुभवाखाली 'एसी चेक करा' अशी कॉमेंट टाकणारा तो आगाऊ माणूस मीच. आज लिहायची पाळी माझ्यावर आली आहे. तर आधीच सांगतो – एसी चेक केलाय. एसी बंद होता. बाकीचं बोला.

माझा आवाज चांगला आहे असं लोक म्हणतात. इथल्या मंडळाच्या गणपतीत 'पांढऱ्या निस्सानवाल्यांनी कृपया गाडी काढावी' हे मीच म्हणतो, आणि गेल्या वर्षी एक बाई म्हणाल्या की ते ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत पुण्याला गेला, आणि एके दिवशी तिथून ऑडिओबुक करणाऱ्या एका मॅडमचा फोन आला. मराठीत दहा भागांचं पुस्तक वाचायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला आर्टिस्ट म्हणत होतं. विषय न विचारताच मी हो म्हणालो.

विषय होता एका छळछावणीचा कमांडंट. महायुद्धातला. त्याने नंतर तुरुंगात बसून लिहिलेलं आत्मचरित्र. त्याचं नाव इथे देत नाही, त्या माणसाला आणखी प्रसिद्धी द्यायची माझी इच्छा नाही. ऑफिसात मी उत्साहाने सांगितलं, "कॅम्प कमांडंटचं काम मिळालंय," तर आमचा ड्रायव्हर म्हणाला, "मुबारक हो! कौन सा कॅम्प? मुसफ्फा?" त्याला वाटलं मी लेबर कॅम्पचा बॉस झालो. पुढे आठवडाभर तीन जण खोली बदलून मागायला आले.

रेकॉर्डिंग सलीमभाईंकडे. सलीमभाई मूळचे दापोलीकडचे, तीस वर्षं दुबईत. अल मनखूलमध्ये एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचा टू बेडरूम फ्लॅट आहे. त्यातल्या एका बेडरूमला चारी बाजूंनी फोम आणि गाद्या ठोकून आणि मधल्या भिंतीत काच बसवून त्यांनी स्टुडिओ केलाय. खाली कॅफेटेरिया, समोर पार्किंग, शेजारी एक म्हातारं फिलिपिनो जोडपं, तेही त्या महिन्यात सुट्टीवर गेलेलं. एवढं बारीक सांगतोय कारण तुम्ही विचारणारच. मीही विचारलं असतं.

ऑगस्टचा शनिवार, दुपारचे दोन. एसीची घरघर माइकमध्ये येते म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद. दार बंद. खिडकीवर गादी. आत मी – बनियन आणि बर्म्युडामध्ये, गळ्यात टॉवेल – एका कडक इस्त्रीच्या जर्मन अधिकाऱ्याचं आत्मचरित्र वाचतोय. काचेपलीकडून सलीमभाई म्हणाले, "देसाई, आवाजात जरा थंडी आणा. बर्फाळ प्रदेश आहे."

पहिला भाग छान झाला. खोटं कशाला बोलू, पहिली तीस पानं मला तो माणूस आवडला होता. पोस्टातल्या कारकुनाचा मुलगा. बिअरच्या कारखान्यात स्टोअरकीपर. प्रत्येक पिंपाची नोंद, प्रत्येक फॉर्मवर सही. मी म्हटलं, अरे, हा तर आपल्यातलाच! मग पक्षात गेला, गणवेश मिळाला. आधी पहारेकरी, मग छावणीच्या कचेरीत, मग उपप्रमुख, मग कमांडंट. प्रत्येक प्रमोशनची तारीख त्याला पाठ होती. छावणीच्या भिंतीला लागून त्याचं घर – बायको, दोन मुली, कुत्रा, काचेच्या घरात लावलेले टोमॅटो. भिंतीच्या एका बाजूला टोमॅटो आणि दुसऱ्या बाजूला माणसं मरत होती. युद्ध संपल्यावर नाव बदलून शेतमजूर झाला, सापडला, खटला चालला, शिक्षा झाली. प्रस्तावनेत लिहिलंय, पुढे तब्येतीच्या कारणावरून सुटला आणि म्हातारा होऊन स्वतःच्या पलंगावर मेला.

दुसऱ्या भागात ते वाक्य आलं. 'छावणीत नेमकं काय चाललं होतं, याची मला पूर्ण कल्पना नव्हती.'

मी वाचलं. सलीमभाईंनी हात वर केला.

"खोकलात."

"नाही हो."

"देसाई, ऐका."

हेडफोनमध्ये माझा आवाज... वाक्य संपतं... आणि मागोमाग एक खोकला. छोटा. कोरडा. म्हाताऱ्या माणसाचा. मीटिंगमध्ये कोणी बिनधास्त थापा मारायला लागलं की कोपऱ्यातला जुना माणूस खोकतो ना, अगदी तसा.

पुन्हा वाचलं. पुन्हा खोकला. सहा टेक, सहा खोकले. सातव्या वेळी मी वाक्य संपवून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि सलीमभाई काचेतून माझ्याकडे टक लावून बघत बसले. खोकला आला. म्हणजे खोलीत काहीच ऐकू आलं नाही, फक्त रेकॉर्डिंगमध्ये आला. सलीमभाईंनी केबल बदलली, माइक बदलला, खाली जाऊन कॅफेटेरियातल्या सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी केली. ते बिचारे घाबरले, त्यांना वाटलं म्युनिसिपालिटीचं इन्स्पेक्शन आहे.

घरी बायकोने, म्हणजे अनघाने, ज्येष्ठमध दिला, हळदीचं दूध दिलं, शेवटी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने नाकातून दुर्बीण घातली आणि म्हणाला, "ब्यूटिफुल व्होकल कॉर्ड्स." हे मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होतो.

सलीमभाईंनी सॉफ्टवेअरने सगळे खोकले कापले. आम्ही दोघांनी फाइल पूर्ण ऐकली, स्वच्छ होती. पुण्याला पाठवली. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन.

"देसाई, वाफ घ्या हो."

"म्हणजे?"

"अकरा ठिकाणी खोकलाय तुम्ही."

आम्ही आमची फाइल पुन्हा उघडली. खोकले जागच्या जागी होते. सलीमभाईंनी कपाळाचा घाम पुसला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "देसाई, हे माझ्या लाइनीतलं काम नाही." मॅडम मात्र स्पष्ट होत्या. पुढच्या शनिवारपर्यंत स्वच्छ फाइल आली नाही तर पुस्तक दुसऱ्या आर्टिस्टला देणार. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला तो शब्द आठवड्यात परत जाणार होता. मला किती लागलं ते कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी ऑफिसात मी स्टॅम्प जरा जोरातच मारले.

पुढच्या शनिवारी माझी मुलगी रेवा बरोबर आली. दहावीत आहे, हिस्ट्री घेतलंय. खरं तर तिला खालच्या कॅफेटेरियातला पराठा हवा होता. मी वाचत असताना ती बाहेर हेडफोन लावून बसली, हातात स्क्रिप्ट आणि पिवळा हायलायटर. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचते. तासाभराने तिने काचेवर टकटक केलं.

"बाबा, इट्स नॉट रँडम."

"काय?"

"ही इज लाइंग. एव्हरी सिंगल टाइम देअर्स अ कॉफ, ही इज लाइंग."

मॅडमनी पाठवलेल्या पीडीएफच्या शेवटी खटल्यातल्या साक्षींचं परिशिष्ट होतं. ऑडिओत ते घ्यायचं नव्हतं – 'श्रोते कंटाळतात' असं मॅडमचं म्हणणं. रेवाने ते उघडलं होतं. 'मी कोणावरही स्वतः हात उचलला नाही' – खोकला. परिशिष्टात स्वयंपाकघरात राबवलेल्या एका बाईची साक्ष: एका मुलाने बटाटा उचलला म्हणून कमांडंटने त्याला चाबकाने कसं मारलं, ते तिने समोर उभं राहून पाहिलेलं. 'आजाऱ्यांना इस्पितळात पाठवलं जाई' – खोकला. परिशिष्टात त्या इस्पितळात काय होतं, त्याची तीन माणसांची साक्ष. तिथे औषध नव्हतं. तिथून कोणी परत येत नसे.

आम्ही तिघं एक एक वाक्य तपासत गेलो. सलीमभाईंनी कंट्रोल टेस्ट घ्यायची ठरवली. स्वतः आत गेले, माइकसमोर बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझं वय बेचाळीस. मी बायकोला अजिबात घाबरत नाही."

शांतता. खोकला नाही.

"म्हणजे माझं चालतं," ते म्हणाले. "त्याला फक्त या माणसाचंच खोटं चालत नाही."

मग मी मुद्दाम दुसरी वाक्यं वाचली. 'मी रोज झोपताना मुलींना गोष्ट सांगत असे.' स्वच्छ. 'कुत्रा मेला तेव्हा मी रडलो.' स्वच्छ. 'टोमॅटोंना मी स्वतः पाणी घालत असे.' स्वच्छ. मित्रहो, खरं सांगतो, खोकल्याची मला तोवर सवय झाली होती. पण ही वाक्यं जेव्हा एकामागून एक स्वच्छ निघाली, तेव्हा त्या भट्टीसारख्या खोलीत माझे हात गार पडले. ते सगळं खरं होतं. तो मुलींना गोष्ट सांगायचा, आणि सकाळी भिंतीपलीकडे कामावर जायचा.

मग रेवा म्हणाली, "बाबा, व्हाय डोंट यू जस्ट लेट देम आन्सर?"

"कोणी?"

तिने परिशिष्टावर बोट ठेवलं.

करून बघायला काय जातंय म्हणून आम्ही करून बघितलं. 'मी कोणावरही स्वतः हात उचलला नाही.' आणि लगेच, न थांबता, त्या स्वयंपाकघरातल्या बाईची साक्ष. सलीमभाईंनी प्ले केलं. आम्ही तिघंही कान देऊन... काहीच नाही. कमांडंट बोलतो, बाई बोलते, पुढचं वाक्य. अकरापैकी दहा ठिकाणी असं केलं. दहाही ठिकाणी खोकला गेला. सलीमभाई उठून म्हणाले, "यल्ला, चला, चहा सांगतो," आणि दारापर्यंत जाऊन परत आले, कारण त्यांना खाली एकटं जायचं नव्हतं. शेवटी आम्ही तिघं गेलो.

अकराव्या वाक्याचं मात्र काही जमेना. कमांडंटच्या बागेत एक कैदी काम करायचा. टोमॅटोंची काचेची खोली त्यानेच बांधली. दोन वर्षं रोज सकाळी दोघं समोरासमोर. एका हिवाळ्यात तो माणूस दिसेनासा झाला. कमांडंट लिहितो, 'त्याचं नाव मला कधीच ठाऊक नव्हतं.' आणि इथे सगळ्यात लांब खोकला होता. एकदा, मग थांबून पुन्हा.

परिशिष्ट आम्ही दोनदा चाळलं. त्या माळ्याबद्दल एक ओळ नव्हती. मॅडमनी मूळ पुस्तक बघणाऱ्या अनुवादकाला विचारलं, तिथेही नाही. जगात कुठल्याही कागदावर या वाक्याच्या विरुद्ध काही नाही. माझ्यासारख्या माणसाच्या हिशोबाने वाक्य क्लिअर होतं, मी त्यावर स्टॅम्प मारला असता. पण खोकला आला होता, म्हणजे कमांडंटला नाव ठाऊक होतं. कोणाला तरी पक्कं माहीत आहे की त्याला नाव ठाऊक होतं.

मॅडमना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या पुणेरी असल्यामुळे सरळच म्हणाल्या, "देसाई, तुम्ही पीत नाही ना?" नाही म्हटलं. फाइल ऐका म्हटलं. साक्षींसकट पूर्ण भाग त्यांनी ऐकला. संध्याकाळी फोन आला, आवाज जरा बसलेला होता. "हे असंच ठेवा. सगळे दहा भाग असेच करा. श्रोते कंटाळले तर कंटाळू देत."

"आणि ते माळ्याचं वाक्य?"

"खोकला निघत नाहीये?"

"नाही."

"मग राहू द्या ना. तुम्ही कोण काढणारे?"

तर ते राहू दिलंय. पुस्तक येऊन आता सहा महिने झाले. सलीमभाईंच्या त्याच खोलीत मी नंतर मुलांच्या गोष्टी वाचल्या, स्वयंपाकाचं पुस्तक वाचलं, एका नेत्याचं भाषणसुद्धा वाचलं. त्या नेत्याच्या वेळी आम्ही मुद्दाम कान लावून बसलो होतो. काही नाही. शेजारचं फिलिपिनो जोडपं परत आलंय, दोघांपैकी कोणी खोकत नाही. बिल्डिंगच्या जुन्या वॉचमनला विचारलं, या फ्लॅटमध्ये कोणी गेलं होतं का. तो म्हणाला, "गया था ना, कॅनडा." स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. डॉक्टरकडे नाही, सलीमभाईंकडे नाही, आणि खाली कॉमेंटमध्ये तुमच्यापैकी जो कोणी देईल त्याला मी आधीच सांगतो की तेही आम्ही तपासलं असेल.

श्रोत्यांच्या मेल येतात. बहुतेक जण दुसऱ्या भागातल्या त्या माळ्याच्या वाक्याबद्दल विचारतात – रेकॉर्डिंगच्या वेळी स्टुडिओत कोणाला सर्दी झाली होती का? मी प्रत्येकाला उत्तर देतो. नाही, आम्हा तिघांपैकी कोणालाच नाही.