मिस्त्री, माझं तेल मी नेतो

मिरजगावात माझं मोटारसायकलचं गॅरेज आहे. सर्व्हिसिंगला मळ्यातले एक गृहस्थ यायचे. आले, की आधी टोपी गाडीच्या आरशाला अडकवायचे आणि पिशवीतून रिकामा कॅन काढायचे. इंजिनातून निघालेलं काळं तेल स्वतः वाकून त्यात धरायचे, बूच दोनदा आवळायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, माझं तेल मी नेतो." बाकीच्यांचं तेल मी मागच्या ओढ्यात ओतायचो. मला वाटायचं, चिकट माणूस आहे, दाराच्या बिजागऱ्यांना लावत असेल. त्यांच्या माघारी मी हसायचोही.

एकदा त्यांची गाडी पोचवायला मळ्यात गेलो. गोठ्याच्या भिंतीला ते सगळे कॅन ओळीनं उभे होते, भरलेले, बूचसुद्धा न उघडलेले.

"वापरत नाही का?" मी विचारलं.

"एवढं कुठं वापरायचं? आन् टाकावं म्हनलं, तर वढ्याचं पानी हिरीत पाझरतंय."

मी विहिरीत डोकावलो. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरला होता. तो कुणाच्या गॅरेजातून आला, हे दोघांनाही माहीत होतं. ते चहाचा कप पुढं करून एवढंच म्हणाले, "घ्या मिस्त्री. पानी नळाचं हाय."

त्याच आठवड्यात मी गॅरेजात ड्रम ठेवला. जुनं तेल आता त्या कामाचा परवाना असलेली गाडी येऊन नेते. ते पुन्हा आले, तेव्हा मी हौसेनं ड्रम दाखवला.

"लई बरं केलं," ते म्हणाले. मग टोपी आरशाला अडकवली आणि पिशवीतून कॅन काढला.