दोन बोटांनी बंद करायचा नळ

नळाला जीव असतो, हे माझ्या बायकोइतकं ठासून सांगणारं माणूस निजामसरकारच्या सगळ्या मुलखात दुसरं सापडायचं नाही. दिवेलागणीच्या आधी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं, तेही नळाचंच. नळ गळायचा. त्याच्या तोंडाला सुताचा दोरा बांधून दुसरं टोक घागरीत सोडलं की थेंब दोऱ्यावरून गपचिप उतरतो, टपटप होत नाही. घागर तिनं धरायची, गाठ मी मारायची, रोजचंच. त्या दिवशी गाठ मारताना तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही ह्याला पिळत तर न्हाई ना?" मी म्हणलो, "मी कामून पिळू?" ती बरं म्हणाली आणि आत गेली.

मी कचेरीतला चपराशी, शिकलो तिसरीपर्यंत, त्यामुळं नीट जुळवून सांगता यायचं नाही. ती खटकचिंचोळी गावची. बापाच्या मळ्यात विहीर, तिच्यावरच वाढलेली. लग्न होऊन बीदरला आली तर इथं सगळा तांबडा दगड, विहिरी अशा खोल की दोर ओढून ओढून तळहाताची साल निघायची. पुढं पुष्कळ वर्षांनी अंगणात नळ आला. मला वाटलं सुटली बिचारी. पण तिचा नळावर विश्वासच बसेना. ज्याचा तळ दिसत नाही ते कसलं पाणी, असं तिचं म्हणणं. मग तिनं विहिरीचे सगळे कायदे नळाला लावले. विहीर उपसली नाही की पाणी मरतं, म्हणून नळाचा पहिला तांब्या रोज तुळशीला. रातचं शिळं पाणी माणसानं प्यायचं नाही. विहिरीला झरा असतो, तो बुजवायचा नसतो, म्हणून नळ कधी गच्च बंद करायचा नाही, दोन बोटांनी हलका फिरवायचा. "त्याचा दम कोंडतो," म्हणायची. उन्हाळ्यात नळाला ऊन लागतं म्हणून ओलं पोतं गुंडाळायची. आळीतल्या बायका हसल्या. वैशाखात त्याच बायका घागरी घेऊन आमच्याकडं आल्या, अक्का, तुमच्या नळाचं पाणी गार हाय म्हणून. आता ह्यात काय समजायचं?

कासवाचं तर सांगायलाच पाहिजे. तिच्या बापानं विहिरीत कासव सोडलं होतं, ते घाण खाऊन पाणी निर्मळ ठेवायचं. तिनं भावाकडून लुगड्याच्या फडक्यात बांधून एक कासव आणवलं आणि नळवाल्या मिस्त्रीला बोलावून विचारलं, हे नळात कुठून सोडायचं. मिस्त्रीनं एकदा कासवाकडं बघितलं, एकदा नळाच्या तोंडाकडं बघितलं, आणि कासव खाली ठेवून म्हणाला, "अक्का, ये नल है, बावडी नइं." तिनं विचारलं, "मग ह्यात पाणी कुठनं यायलंय?" मिस्त्री म्हणाला, उधर बावडी है, म्हणजे तिकडच्या विहिरीतनं. "मग?" म्हणाली ती. मिस्त्रीनं आपली हत्यारं उचलली. कासव शेवटी नळाखालच्या दगडी टाकीत राहिलं.

सगळंच तिचं बरोबर निघायचं असंही नाही. मोरीचं पाणी बाहेर नेणारं खापरी नळकांडं होतं. राखेनं भांडं निघतं तर नळकांडं कामून निघणार नाही, म्हणून ती वर्षभर मोरीत राख टाकत गेली आणि वरनं भाताची गरम पेज ओतत गेली. ते आत असं बसलं की गवंड्याला चुन्यानं जमलं नसतं. सणाच्या दिवशी मोरीचं पाणी उलटून चुलीपर्यंत आलं. मी वेळूची काठी घालून ढोसलं तर काठी आतच मोडली. ती म्हणाली, राख कमी पडली. मिस्त्रीनं नळकांडं फोडून बदललं तेव्हा तिनं ते तुकडे हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले, पण कबूल काही केलं नाही.

आता माझं सांगतो. मला गळणाऱ्या नळाची चीड. घट्ट पिळला की गळायचा थांबतो, हे तर उघड आहे. म्हणून कचेरीला जाताना, तिची पाठ फिरली की मी नळ दोन्ही हातांनी, दात खाऊन पिळायचो. आणि गळणं वाढायचं. मिस्त्रीनं नळ खोलला, आतला चामड्याचा वायसर काढून दाखवला. फाटून चिंधी झालेला. नवीन बसवला. महिन्यात परत गळायला लागला, परत नवीन बसवला. तिसऱ्यांदा त्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "पटेवाले, जोर नक्को लगाओ. चमडा कटता." मी विचारलं, मग नळाला दम असतो ही गोष्ट खरी? म्हणाला, दम-वम कुछ नइं, मगर अक्का का हाथ बराबर है. म्हणजे तिचं कारण चुकीचं आणि काम बरोबर. माझं कारण बरोबर वाटायचं आणि काम चुकीचं. हे मी तिला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. उलट पिळतच राहिलो, कारण जोर लावूनही नळ ऐकत नाही हे मनाला पटेना. आणि नळ गळायला लागला की ती खूश होऊन म्हणायची, "बघा, दम घ्यायलाय." इतक्या आनंदात असायची की आज नको, उद्या सांगू, असं करत वर्षं गेली.

तर नळाला दोरा बांधला त्या संध्याकाळी आत जाऊन तिनं दिवा लावला, तुळशीपाशी बसली आणि तिथंच कलंडली. कुणाला हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

सकाळी आळी जमली. तिच्या अंघोळीला पाणी पाहिजे होतं. तिचा भाऊ नळाकडं निघाला, मी त्याला थांबवलं. नळाचा दोरा सोडला. दोन बोटांनी नळ उघडला. पहिला तांब्या तुळशीला घातला, मग घागर भरली. दोन बोटांनीच बंद केला. तो गळायला लागला. माझ्या हाताला पिळायची सवय, हात तिकडं गेलाही, पण मागं घेतला. घागर उचलून तिच्यापाशी नेऊन ठेवली. बायकांना म्हणलो, जरा बाहेर थांबा. त्या थांबल्या. मी खाली बसलो आणि तिला सांगितलं, "मीच पिळत होतो गं."

मग बाहेर येऊन दुसरी घागर नळाखाली लावली आणि दोरा बांधला. घागर धरायला कुणी नव्हतं, म्हणून गाठ वाकडी बसली.