काचेमागची विळी

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा अर्धीच सांगितली होती. आज पूर्ण लिहितो.

तीन वर्षांपूर्वी आई नागपूरहून आमच्याकडे कॅनडात मिल्टनला राहायला आली, तेव्हा चेक-इन बॅगेत जुन्या सुती साडीत गुंडाळून स्वतःची विळी घेऊन आली. तिच्या आईने तिला लग्नात दिलेली. शिसवी पाट, एका बाजूला गुडघा टेकून टेकून खोलगट झालेला. पातं दुमडतं, टोकाला नारळ खवायची चक्री. घरात सहा प्रकारच्या सुऱ्या असताना आई किचनच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसायची आणि भेंडी चिरायची. मुलीला मजा वाटायची. मला लाज वाटायची. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

एका शनिवारी माझा मॅनेजर बायकोला घेऊन जेवायला आला होता. ते आत आले तेव्हा आई फरशीवर, एक पाय पाटावर, कांदा चिरत होती. मॅनेजरची बायको म्हणाली, "ओह, इज शी ओके?" तिला वाटलं आई पडली आहे. सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.

माझ्या टीममध्ये तैवानची एक बाई होती, माझ्याच वयाची. शनिवार-रविवार ती आमच्या गावच्या छोट्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर म्हणून काम करायची. लंचला ती तिच्या गावाकडच्या गोष्टी सांगायची. तिकडे दक्षिणेला म्हणे एवढ्याशा गावांत एकेका वस्तूचं म्युझियम: कागदी छत्र्यांचं, मिठाचं, लाकडी चपलांचं. सुट्टीच्या दिवशी लोक पोरंबाळं घेऊन जातात, मुलं स्वतःच्या हाताने छत्री रंगवतात, आज्या शेजारी बसून चुकलेलं सुधारतात. "इथे नुसते नांगर आणि चरखे," ती म्हणायची. "आपण आलो, आपली स्वयंपाकघरं आली, त्याचं काहीच नाही." ती 'बाहेरून आलेल्यांचं स्वयंपाकघर' असं एक दालन उभं करत होती. घराघरातून वस्तू मागत होती.

मी म्हणालो, माझ्याकडे एक आहे.

फॉर्म एका पानाचा होता. वस्तू कोणाची? आईची. मालकाची सही. त्याखाली बारीक अक्षरात: मालक हयात नसल्यास वारसाची सही. शेजारी एक छोटा चौकोन.

मी त्या चौकोनात टिक केली.

आईला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला माहीत होतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण ऑफिसातल्या त्या बाईने फॉर्म वाचला आणि तिचे डोळे भरून आले. "आय ॲम सो सॉरी," ती म्हणाली. मी म्हणालो, "थँक यू." बास, एवढंच. त्याच संध्याकाळी मी घरी गेलो आणि आईने मला वांग्याचं भरीत वाढलं.

आम्ही तेव्हा काँडोच्या फ्लॅटमधून नव्या घरात शिफ्ट होत होतो. विळी मी त्या बाईकडे पोचती केली आणि आईला सांगितलं, सामान हलवणाऱ्या मूव्हर्सनी विळीचं खोकं हरवलं. पुढचे चार दिवस आई बेसमेंटमध्ये जाऊन एकेक खोकं उघडत होती. विंटर जॅकेट्स, स्नो बूट, मुलीची जुनी खेळणी. वर येऊन म्हणायची, "अजून सात राहिलीत. सापडेल." आणि मी म्हणायचो, "सापडेल गं."

पुढच्या उन्हाळ्यात मुलीला शाळेतून म्युझियमच्या फॅमिली डेचा फ्री पास मिळाला. हे ऐकून मी दचकलो, पण ते दालन सप्टेंबरमध्ये उघडणार असं त्या बाईने मला सांगितलं होतं. ती स्वतःही त्या दिवशी गावाला गेली होती. म्हणून मी हो म्हणालो. बाहेर गवताच्या गाडीतून फेरी, घोड्याचं शिंगरू, मुलांसाठी पावाची कणीक मळायचं टेबल. पार्किंग मिळेना, म्हणून आजी-नातीला दारात सोडून मी गाडी लावायला गेलो.

आत शिरलो तर उजव्या हाताच्या खोलीतून मुलीचा आवाज आला. "आजी, लुक! युअर विळी!"

दालन लवकर उघडलं होतं.

मी दारातच थांबलो. काचेच्या पेटीत विळी, पातं उघडं, खालून दिवा सोडलेला. आई काचेला नाक लावून उभी होती. ती हसत होती. सापडली म्हणून हसत होती.

"काय लिहिलंय गं?" तिने विचारलं.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. तिने पाटी वाचली, मग पुन्हा वाचली. "आजी," ती म्हणाली, "इट सेज यू आर डेड."

"म्हणजे?"

"म्हणजे… तू मेलीस. इन लव्हिंग मेमरी. डॅडने दिलीये."

आईने मागे वळून पाहिलं. मी दारात उभा होतो, हातात गाडीची किल्ली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे असं बघत राहिली, जसं कोणी अनोळखी माणूस आपल्या घरातून बाहेर पडताना दिसावा. मग नातीला म्हणाली, "माझा फोटो काढ बरं इथे. पाटी दिसू दे."

त्या रात्री जेवताना आई एवढंच म्हणाली, "विळी राहू दे तिथे, चार लोक बघतील. ते मेलेलं तेवढं काढायला लाव." ऑक्टोबरमध्ये ती नागपूरला परत गेली.

दर रविवारी व्हिडिओ कॉल. "पाटी बदलली का रे?" पहिल्या रविवारी मी म्हणालो, सांगितलंय. तिसऱ्या रविवारी म्हणालो, बदलली. खरं म्हणजे मी त्या बाईला तोंड उघडून सांगूच शकलो नव्हतो. कसं सांगणार? तिने माझ्या आईच्या नावाने अश्रू गाळले होते.

हे असं जवळपास दीड वर्ष चाललं. या मार्चमध्ये मी आईला म्हणालो, उन्हाळ्यात ये, तिकीट काढतो. ती म्हणाली, "नव्या पाटीचा फोटो पाठव आधी."

"तिथे फोटो काढू देत नाहीत, आई."

"हो का? माझा तर काढू दिला होता." ती थांबली. "भजनाच्या ग्रुपवर टाकलाय मी तो. सगळ्या बाया रोज विचारतात, कशी आहेस गं वर, जेवण बरं मिळतं का?" ती हसली नाही. "मला माहीत आहे तू बदलली नाहीस. तिथे मी मेलेली आहे. मेलेली बाई विमानात कशी बसेल?"

तिने फोन ठेवला. स्क्रीन काळी झाल्यावरही मी तिच्याकडे बघत होतो. दीड वर्ष तिला माहीत होतं, आणि दर रविवारी ती मला खरं बोलायची एक संधी देत होती.

पुढच्या शनिवारी म्युझियममध्ये गेलो. ती बाई पेट्यांच्या काचा पुसत होती. मी सगळं सांगितलं. चौकोन, मूव्हर्स, थँक यू, सगळं. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"मी घरी माझ्या आईच्या फोटोशेजारी तुझ्या आईसाठी उदबत्ती लावते," ती हळूच म्हणाली. "अजून लावते."

ती पुन्हा काच पुसू लागली.

पुसता पुसता ती म्हणाली, "ती हयात आहे तर तुझी सही चालत नाही. तिची परवानगी लागेल. आत्ता फोन कर."

नागपुरात रात्र पडली होती. आईने उचलला. मी म्हणालो, "आई, एका कागदावर तुझी सही हवी आहे."

"करते. पण आधी विचार मला."

"काय विचारू?"

"तेव्हा जे विचारायचं होतंस ते."

फोन स्पीकरवर होता. ती बाई बघत होती, तिला मराठी कळत नव्हतं, तरी ती काच पुसायची थांबली. मी म्हणालो, "आई, तुझी विळी म्युझियमला देऊ का?"

"नाही," आई म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अगं, पण तूच म्हणाली होतीस, राहू दे, चार लोक बघतील…"

"ते तू देऊन आल्यावर म्हणाले. आता विचारतोयस ना? नाही देत. माझ्या आईची आहे. घरी घेऊन जा."

मी त्या बाईला इंग्रजीत सांगितलं. तिने मान डोलावली, खिशातून किल्ली काढली आणि पेटी उघडली. पातं तिने स्वतः दुमडलं, अगदी सावकाश. पाटी मात्र तिने माझ्या हातात दिली. "ही तू काढ," म्हणाली.

आता विळी आमच्या किचनच्या फरशीवर आहे. काल तिचा फोटो आईला पाठवला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "पात्यावर गंज दिसतोय. चिंचेने घास, मग खोबरेल लाव."

येतेस का, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. मी चिंच भिजत घातली आहे.