हरदौलाचं बोलावणं

झाशीच्या बसस्टँडवर माझं हारफुलांचं दुकान आहे. कॉलेजातली एक पोरगी तिथे रोज येते. तिच्या भजनमंडळातली पोरं मुली पळवून विकणाऱ्यांवर नजर ठेवतात. मी चौथी नापास, पण माणूस मला बरोबर कळतो. ही मात्र कळत नाही. पापणी न हलवता बघते, इतकं हळू बोलते की अंगावर काटा येतो.

परवा एक माणूस एका गप्प मुलीला घेऊन माझ्या दुकानाशेजारी बसला होता. हिने जाऊन चौकशी केली.

"भानजी है, इसका ब्याह है," तो म्हणाला.

हिने गोड आवाजात विचारलं, "मामाजी, हरदौल लाला को न्योता दे आए?"

आमच्या बुंदेलखंडात लग्नाचं पहिलं बोलावणं या देवाला, त्याच्या चौथऱ्यावर जाऊन करतात. खरा मामा ते विसरत नाही.

"हाँ हाँ, फोन कर दिया."

मी हसलो. ही हसली नाही. तिने त्याच्यासमोरच पोलिसांना फोन लावला, तसा तो गर्दीत नाहीसा झाला.

मुलगी रडली नाही. तिने हिलाच विचारलं, "अब आप ले जाओगी?"

"नहीं. पुलिस आने तक बाबा के पास बैठ."

मी बाकावर सरकून जागा केली. मुलगी बसली, पण आपली पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून.