मोळीला हात कोण लावणार?

मंडळी, आज आपल्या कम्युनिटीचा ट्रेक तुंगारेश्वरच्या डोंगरात गेला होता. जे आले नाहीत त्यांनी हे वाचाच.

अरुंद पायवाटेवर वरून एक बाई सुक्या फाट्यांची मोळी डोक्यावर घेऊन उतरत होती. आपल्या लीडरने तिला अडवलं. "मावशी, ती मोळी खाली ठेवा. दोन मिनिटं बोलायचंय."

बिचारीने ठेवली. साहेबांनी जंगल वाचवण्यावर भाषण ठोकलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले.

मग ती म्हणाली, "जरा हात लावा ना. एकटीला नाय उचलत. पोरं भुकेली बसलीत घरी, चूल पेटवायचीय."

"सॉरी मावशी, वृक्षतोडीला आम्ही मदत करत नाही," असं म्हणून लीडर निघाला. त्याच्यामागून सगळी मेंढरंही निघाली.

मी थांबले. माझी आई आमच्या गास गावात गवताचे भारे वाहते, त्यामुळे हात कुठे घालायचा ते मला माहीत आहे. दोघींनी मोळी चढवली. "सांभालून जा गो बाय," म्हणत ती उतरून गेली.

वर पोचले तर आपले निसर्गरक्षक काटक्या पेटवून चहा उकळत होते! वर मलाच ऐकवलं, "ग्रुपची शिस्त मोडलीस."

आता इथे ग्रुपवर लीडरसाहेबांची पोस्ट पाहिली: 'आज एका आदिवासी महिलेचं प्रबोधन केलं.' खाली तुमचं 'छान कार्य!'

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पण असल्या सुशिक्षितांत मला धरू नका.

आणि 'छान कार्य' लिहिणाऱ्यांनो, आज तुमच्या घरी भात कशावर शिजला?