काचेच्या आतली रेघ

माझ्या शाळेपासूनच्या मित्राने, दिन्याने, स्वतःची गाडी मला विकली तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवता ठेवता शपथ घेतली होती, "पुरात बुडलेली? अरे, हिने डबकंसुद्धा पाहिलेलं नाही!"

आज सकाळी पाहतो तर उजव्या हेडलाइटच्या आत एवढं पाणी दाटलेलं, की दोन मासे सोडले असते तर त्यांनी तिथे संसार थाटला असता. मी फडक्याने काच घासली, बायकोचा हेअर ड्रायर फिरवला. अख्ख्या गल्लीचे केस वाळले असतील, पण आतला थेंब हलला नाही. मग ऊन चढलं, वाफ विरली आणि काचेच्या आतून गाळाची सरळ रेघ उमटली. पूर तिथपर्यंत चढला होता.

तेवढ्यात दिन्या चहाला आला. "काय लेका, गाडी काय म्हणते?"

"सगळं सांगते," मी म्हणालो.

त्याने रेघ पाहिली. रुमाल काढला आणि काच पुसायला लागला, बाहेरून. इतकी वर्षं मीही त्याला असाच बाहेरून लखलखीत पाहत आलो होतो.

"आतून आहे ती, दिन्या."

तो पुसतच राहिला.