विजूसाठी घेतलेला पाट

कुंदावहिनीचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत नवा पाट पुसत होते. विजू, माझा चुलतभाऊ, या भाऊबीजेला पहिल्यांदाच जळगावहून आमच्या बंगळुरूतल्या येलहंक्याच्या घरी यायचा होता आणि पाट त्याच्यासाठीच घेतला होता. वहिनी म्हणाली, "सुमाताई, हे गेले हो..." मी विचारलं, "स्टेशनवर?" तिकीट पुढच्या आठवड्यातलं आहे, हेसुद्धा मला त्या क्षणी आठवलं नाही. शाळेत शिकवायला निघालेला विजू चपला घालायला वाकला, तो उठलाच नाही.

मला सख्खा भाऊ नाही. अशा मुलीने भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, अशी आमच्याकडची रीत. लहानपणी आई मला ताट घेऊन अंगणात नेत होती, तर हा आडवा आला आणि पाटावर मांडी घालून बसला. "मी काय मेलोय? चंद्र कशाला?" अभद्र बोलतो म्हणून आईने त्याला एक धपाटा घातला, आणि मग मी त्याला ओवाळलं. पुढे चंद्राची गरज कधी पडली नाही.

लग्न होऊन मी बंगळुरूला आले. तिकडे काकू अंथरुणाला खिळली आणि विजू तिला सोडून एक रात्रही बाहेर राहीना. मग आमची भाऊबीज फोनवर सुरू झाली. पाटावर डबा, डब्याला टेकवलेला फोन आणि फोनमध्ये टोपी घालून बसलेला विजू. चित्रकलेचा मास्तर तो, ओवाळणी म्हणून दर वर्षी पेन्सिलीने काढलेली साडी पडद्यासमोर धरायचा. "यंदा इरकल आहे. पदर जरा खोडलाय, चालवून घे." एकदा भरात मी ओलं कुंकू थेट फोनच्या काचेवर टेकवलं. ते वरच्या फटीत गेलं आणि तेव्हापासून त्या फोनमधून सगळ्यांचेच आवाज विहिरीतून आल्यासारखे यायला लागले. "सुमे, ओवाळत होतीस की लिंपत होतीस?" तो कितीतरी दिवस चिडवत होता. मी नवा फोन घेतला, जुना मात्र टाकला नाही.

या उन्हाळ्यात काकू गेली. "आता मोकळा झालो," असं म्हणाला आणि पुढच्याच वाक्याला रडला. मग म्हणाला, "या दिवाळीला खरं कपाळ घेऊन येतो. तुझं कुंकू वाया जायला नको." शेजारच्या मंजुळाक्का बेळगावकडच्या. त्यांच्याकडून फोनवरच एक कानडी शब्द शिकून त्याने सांगून ठेवलं होतं, "अक्का, माझ्यासाठी स्वल्प खीर ठेवा."

लोक म्हणतात, हाल न होता गेला, सुटला. कशातून सुटला? आत्ता कुठे त्याला घराबाहेर पाऊल टाकायला मिळणार होतं. काळ हे औषध आहे असंही सांगतात... मला तरी गुण येईल असं वाटत नाही.

सुतक फिटलं होतं, तरी यंदा फराळ केला नाही. भाऊबीजेला दिवेलागणीला अक्का आल्या. "सुमा, चंद्र दिसायलाय बघ. ओवाळ की, स्वल्प बरं वाटतंय जिवाला." त्यांचं मन मोडवेना म्हणून ताट घेऊन गच्चीवर गेले. पाण्याच्या टाक्यांमागे चंद्राची बारीक कोर होती. पण हात उचलेना. "मी काय मेलोय?" या त्याच्या प्रश्नाला मला हो म्हणावं लागणार होतं.

तशीच खाली आले. कपाटातून जुना फोन काढला. तो आता चार्जही होत नाही. नव्या पाटावर डबा ठेवला, त्याला फोन टेकवला, निरांजन लावलं. त्याचं कपाळ जिथे यायचं तिथे कुंकवाचं बोट नेलं. काळ्या काचेत मीच दिसत होते, आणि कुंकू माझ्याच कपाळावर टेकलं.